"१९२२ला सगळं जळालं, आता शोधू नका" हे खरं नाही

आयर्लंडमधल्या जुन्या घराण्यांचा शोध घेणाऱ्यांना हमखास ऐकवला जाणारा एक दावा आहे. तो थोडक्यात असा: १९२२च्या आगीत आयर्लंडचं सगळं रेकॉर्ड जळालं, त्यामुळे सतराव्या शतकातला कुणी प्रोटेस्टंट पाद्री तुमच्या वंशावळीत आला की तिथेच थांबा, त्याचे आईबाप कोण, भाऊबहिणी कोण हे आता कधीच कळणार नाही, आणि तसंही हे सगळे पाद्री इंग्लंडहून आलेले, तेव्हा इंग्लंडमधलं त्याच आडनावाचं एखादं घराणं बघा आणि जोडून टाका. शेअर करणारे चांगल्या मनानेच करतात, पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चूक आहे आणि त्याचा परिणाम असा होतो की लोक एकतर शोध अर्ध्यावर सोडतात नाहीतर खोटी वंशावळ तयार करतात, आणि ती खोटी वंशावळ मग शेकडो जण कॉपी करतात. मला हे बघून खरंच वाईट वाटतं म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा, सगळं जळालं. यादवी युद्धात ३० जून १९२२ला डब्लिनच्या फोर कोर्ट्समध्ये मोठा स्फोट झाला, आग लागली आणि तिथल्या पब्लिक रेकॉर्ड ऑफिसचं दप्तर गेलं, हे अगदी खरं आहे आणि ते नुकसान छोटं नाही. १५३६पासूनची मृत्युपत्रं गेली, चर्च ऑफ आयर्लंड म्हणजे तिथल्या प्रोटेस्टंट चर्चच्या जवळपास १,००० पॅरिशची (एकेका चर्चच्या हद्दीची) बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं तिथे ठेवली होती त्यातली चार सोडून सगळी गेली, १८२१ ते १८५१च्या जनगणनेचा बहुतेक भाग गेला. पण "जनगणना जळाली" हे सतराव्या शतकाच्या शोधात सांगण्याला काय अर्थ आहे? तेव्हा अशी जनगणना होतच नव्हती. शिवाय १८६१ आणि १८७१चे फॉर्म सरकारनेच नष्ट केले आणि १८८१-९१चे पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी गेले, त्यांचा या आगीशी काहीही संबंध नाही तरी ते पण तिच्याच खात्यावर टाकले जातात.

रजिस्टरांचं म्हणाल तर १८७१पासून चर्च ऑफ आयर्लंड हे सरकारी चर्च राहिलं नाही, मग १८७५च्या कायद्याने पॅरिशची जुनी रजिस्टरं डब्लिनला जमा करा असं ठरलं, पण लगेच पुढच्या वर्षी ज्यांच्याकडे ठेवायची नीट सोय आहे त्यांनी आपल्याकडेच ठेवली तरी चालेल अशी सवलत मिळाली. त्या सवलतीमुळे सहाशेच्या वर पॅरिशची रजिस्टरं त्या दिवशी डब्लिनच्या त्या इमारतीत नव्हतीच. आणि काही तर त्याआधीच छापून झाली होती, डब्लिनच्या सेंट जॉन पॅरिशचं १६१९पासूनचं रजिस्टर १९०६ला छापलं गेलं, डेरी कॅथीड्रलचं १६४२पासूनचं १९१०ला. अजून एक गोष्ट लोक विसरतात, १६३४च्या चर्चच्या नियमांनी रजिस्टर ठेवणं बंधनकारक केलं खरं, पण खेडोपाडी ते फारसं पाळलं गेलं नाही आणि नंतर १६४१चं बंड आणि पुढची दहा-बारा वर्षं लढायाच चालू होत्या. म्हणजे १६२०ला खेड्यात जन्मलेल्या पाद्र्याच्या बाप्तिस्म्याची नोंद १९२१पर्यंत सुखरूप होती आणि १९२२ला जळाली हे आपण गृहीत धरतो, बहुतेक वेळा ती नोंद तेव्हाही नव्हती.

आता दुसरा मुद्दा, आणि हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: रजिस्टर नाही म्हणजे घराणं कळणार नाही. साध्या शेतकऱ्याच्या बाबतीत, विशेषतः गरीब कॅथलिक कुळाच्या बाबतीत, हे बऱ्याच अंशी खरं आहे आणि तिथे नुकसानाची भरपाई नाही. पण पाद्री हा त्या काळात राज्याच्या चर्चचा नेमलेला माणूस, त्याची नेमणूक झाली की कागद, बदली झाली की कागद, पहिल्या वर्षाच्या उत्पन्नावर राजाला कर द्यायचा त्याचा कागद, वरून पाहणी करणारे आले (१६१५, १६२२ आणि १६३४च्या आसपास अशा मोठ्या पाहण्या झाल्या) की तो हजर आहे का, शिकलेला किती, चर्चची इमारत कशी आहे हे सगळं लिहिलं जायचं. हे कागद एका ठिकाणी नव्हते. आणि जे त्या जळालेल्या इमारतीत होते ते वाचून अभ्यासकांनी आधीच याद्या केल्या होत्या. हेन्री कॉटन यांनी एकोणिसाव्या शतकातच बिशप आणि कॅथीड्रलच्या पाद्र्यांची यादी छापली, ब्रेडी यांनी १८६३-६४ला कॉर्क, क्लॉइन आणि रॉस या भागाची. मग जेम्स लेस्ली, काउंटी (म्हणजे जिल्हा) लाउथमधल्या किलसारनचे पाद्री, यांनी तर आयुष्यच यात घातलं, १९११ला आर्माच्या पाद्र्यांची यादी छापली आणि बाकीच्या किती तरी भागांची हस्तलिखितं आज डब्लिनच्या रिप्रेझेंटेटिव्ह चर्च बॉडी लायब्ररीत आहेत, त्यात कुठल्या पॅरिशला कोण कधी होता आणि बऱ्याचदा बाप कोण, बायको कोण, मुलं कोण हेही आहे. क्रॉमवेल या इंग्लिश सेनापतीच्या राजवटीत (१६५०चं दशक) जुनं चर्च बाजूला सारून सरकारी पगारावर धर्मोपदेशक नेमले होते त्यांचीही यादी सेंट जॉन सीमोर यांनी मूळ कागदांवरून करून १९२१ला छापली, म्हणजे आगीच्या बरोबर एक वर्ष आधी. ज्या माणसांनी हे उतरवून ठेवलं त्यांच्या कामाला "सगळं जळालं" असं म्हणून आपण शून्य किंमत देतो, हे मला पटत नाही.

मग ट्रिनिटी कॉलेज. स्थापना १५९२ची, मुख्य हेतूच प्रोटेस्टंट पाद्री तयार करणं. त्यांची प्रवेशाची वही १६३८च्या सुमारापासून टिकून आहे आणि ती आपल्या त्र्यंबकच्या पुरोहितांच्या वह्यांसारखी आहे, नाव, बापाचं नाव आणि बरेचदा त्याचा धंदा, जन्म कुठल्या काउंटीत, वय, शाळा कुठली, मास्तर कोण. २४ एप्रिल १६८२ची, पुढे गलिव्हरच्या सफरी लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टची नोंद बघा: बाप जोनाथन स्विफ्ट, वय १४, जन्म काउंटी डब्लिन, शिक्षण किलकेनीला रायडर मास्तरांकडे, कॉलेजात शिक्षक सेंट जॉर्ज ॲश. हाच मुलगा १६९५ला पाद्री झाला. त्याचा बाप तर तो जन्मायच्या आधीच वारला होता, तरी या दोन ओळींवरून पुढे आजोबा थॉमस स्विफ्ट, इंग्लंडमधल्या गुडरिच गावचे पाद्री, इथपर्यंत कागदाला कागद जोडत जाता येतं. ट्रिनिटीच्या १८६०पर्यंतच्या विद्यार्थ्यांची छापील यादी आहे, ती पहिल्यांदा १९२४ला आली. तुमचा पाद्री तिथे सापडला नाही तर ऑक्सफर्ड, केंब्रिज, ग्लासगो, सेंट अँड्र्यूज बघायचं, तिथल्या याद्याही छापलेल्या आहेत.

मृत्युपत्रं जळाली, पण सर विल्यम बेथम यांनी प्रेरोगेटिव्ह कोर्टातल्या १८००पर्यंतच्या मृत्युपत्रांमधून कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाचा जावई एवढी नात्यांची माहिती आधीच वह्यांमध्ये उतरवून घेतली होती आणि त्यावरून वंशवृक्षही काढले, ते आजही बघायला मिळतात. या कोर्टात कुणाचं मृत्युपत्र जायचं, तर ज्याची पाच पाउंडांहून जास्त मालमत्ता एकापेक्षा जास्त बिशपच्या हद्दीत आहे त्याचं. दोन-तीन पॅरिश सांभाळणारा आणि थोडी जमीन असणारा पाद्री सहज यात बसायचा. बाकीच्या मृत्युपत्रांच्या अनुक्रमणिका छापलेल्या आहेत, त्यातून निदान नाव, गाव आणि वर्ष मिळतं. शिवाय अल्स्टर किंग ऑफ आर्म्स म्हणजे राजचिन्हांचं जे ऑफिस होतं ते डब्लिन कॅसलमध्ये होतं, फोर कोर्ट्समध्ये नव्हतं, त्यांच्याकडच्या अंत्यविधीच्या नोंदी वाचल्या आणि त्यात बायको, मुलं, जावई सगळे नावानिशी असतात.

"१६४१च्या जबान्या म्हणजे नुसता प्रचार, त्या वापरू नका" असंही या दाव्याला जोडून सांगतात. इथे थोडं थांबून बोलायला हवं. १६४१च्या ऑक्टोबरात उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात कॅथलिक आयरिश लोकांचं बंड झालं, लुटलेले प्रोटेस्टंट डब्लिनला पळून आले आणि डिसेंबरात आठ पाद्र्यांचं कमिशन नेमून त्यांच्या जबान्या घ्यायला सुरुवात झाली, प्रमुख होते किलमोरचे डीन (कॅथीड्रलचे मुख्य पाद्री) हेन्री जोन्स. सुमारे ८,००० जबान्या ट्रिनिटीच्या लायब्ररीत आहेत, १७४१पासून आहेत, म्हणजे आगीचा प्रश्नच नाही, आणि २०१०पासून ऑनलाइन फुकट वाचता येतात. मेलेल्यांचे आकडे यात भयंकर फुगवलेले आहेत, टायननचे पाद्री रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या जबानीत १,५४,००० माणसं मारल्याची गोष्ट आहे ती कुणीच इतिहासकार मानत नाही, आणि या आकड्यांचा पुढे आयरिश लोकांविरुद्ध फार वाईट वापर झाला, हे विसरून चालणार नाही. पण आपण आकडे शोधत नाही आहोत. माणूस स्वतःचं नाव, पॅरिश, काउंटी, किती गाई गेल्या, पॅरिशचं उत्पन्न किती होतं, कुणाचं कर्ज येणं होतं, त्या वेळी भाऊ कुठे होता, सासरा कुठे होता हे सांगतो तेव्हा नुकसान वाढवून सांगेल कदाचित, पण भावाचं नाव कशाला खोटं सांगेल? आणि पाद्र्यांच्या विधवांनी दिलेल्या जबान्या आहेत. सतराव्या शतकातल्या बायकांची नावं याद्यांमध्ये जवळजवळ नसतातच, इथे त्या स्वतः बोलतात. फक्त या एका कारणासाठीसुद्धा त्या वाचाव्यात असं मला वाटतं.

पुढचा दावा, हे सगळे इंग्लंडहून आलेले. बरेच आले होते, कुणी इंग्लंडमधून, कुणी वेल्समधून, अल्स्टरमध्ये तर स्कॉटलंडहून. वर आलेल्या मॅक्सवेलचं घराणं स्कॉटिश, बिशप विल्यम बेडेल इंग्लंडच्या एसेक्समधला. पण जेम्स अशर, १६२५पासून आर्माचे आर्चबिशप, डब्लिनमध्येच जन्मले, डब्लिनच्याच जुन्या घराण्यात, आणि त्यांची आई मार्गरेट स्टॅनीहर्स्ट कॅथलिक, मामा रिचर्ड स्टॅनीहर्स्ट तर बायको वारल्यावर कॅथलिक पाद्री झाले. एकाच घरात दोन्ही धर्म. अशर यांची बहीण वेल्श बिशप लुईस जोन्स यांना दिली होती, आणि जबान्या घेणारे हेन्री जोन्स हे त्यांचेच चिरंजीव, म्हणजे अशरचे सख्खे भाचे. आणि डेनिस शेरिडन तर पूर्ण गेलिक आयरिश, काउंटी कॅव्हनचे, प्रोटेस्टंट होऊन पाद्री झाले, बेडेलना बायबलचा जुना करार आयरिशमध्ये आणायला ज्यांनी मदत केली त्यांच्यातले एक. १६४२ला बंडाच्या धामधुमीत बेडेल वारले ते शेरिडनच्याच घरात. शेरिडनचे दोन मुलगे, विल्यम आणि पॅट्रिक, पुढे बिशप झाले. अशा माणसाला कुणी "इंग्लंडहून आलेला" म्हणून इंग्लंडच्या पॅरिश रजिस्टरात शोधत बसला तर वर्षानुवर्षं काहीही मिळणार नाही.

आडनाव जुळवा आणि जोडा, यावर मात्र मला खरंच राग येतो. अशर यांचंच घ्या, त्यांना एकच अपत्य होतं, एलिझाबेथ, तिचं लग्न टिमथी टिरेलशी झालं, म्हणजे त्यांचे वंशज असतील ते टिरेल आणि टिरेलांच्या लेकी ज्या घरात गेल्या तिथले. अशर आडनावाच्या माणसाने बापाकडून आपण आर्चबिशपचे वंशज असं लिहिलं तर ते शक्यच नाही, फार तर त्यांच्या चुलत्यांकडून नातं लागेल, आणि तेही कागद दाखवला तर. जुन्या चरित्रांत एक कथा आहे की या घराण्याचा मूळ पुरुष ११८५ला राजपुत्र जॉनबरोबर आलेला कुणी नेव्हिल, त्याने 'अशर' म्हणजे दरबारातला द्वारपाल या हुद्द्यावरून आडनाव बदललं. कथा छान आहे, पण कागद धरून मागे गेलं की आपण पंधराव्या शतकातल्या डब्लिनच्या व्यापाऱ्यांपाशी पोचतो. तिथे थांबायचं. राजवाड्यापर्यंत ओढायचं नाही.

तारखांचाही घोळ होतो, तेव्हा वर्ष २५ मार्चला बदलायचं आणि हे १७५२पर्यंत चाललं, त्यामुळे कागदावर फेब्रुवारी १६४१ असेल तर तो आपला फेब्रुवारी १६४२. हे न कळल्यामुळे बाप मेल्यावर वर्षभराने मृत्युपत्र करतोय अशा वंशावळी फिरताना दिसतात.

आणि शेवटी "जळालेलं परत कुठून येणार" हा प्रश्न. हर्बर्ट वुड यांनी १९१९ला त्या दप्तरात काय काय आहे याची मार्गदर्शिका छापली होती, त्यामुळे काय गेलं हे नेमकं माहीत आहे, आणि ते माहीत असल्यामुळेच जगभर विखुरलेल्या नकला शोधता आल्या. २०२२ला आगीला शंभर वर्षं झाली तेव्हा व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड सुरू झाली, फुकट आहे, त्यात या नकला आणि ढिगाऱ्यातून वाचवलेले कागदही हळूहळू येतायत. तिथे शोधताना आधी आडनाव टाकू नका, पॅरिशचं नाव टाका, स्पेलिंग बदलून बदलून टाका, मग त्या भागाची लेस्लींची यादी, मग ट्रिनिटी, मग बेथमच्या वह्या, आणि काळ १६४१च्या आसपासचा असेल तर त्या काउंटीच्या जबान्या.