लग्न लावल्याने पाळी येत नाही

परवा रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. "अक्का, खरंय का गं हे?" एवढंच म्हणाली आणि मेसेज पाठवून दिला. सासरकडच्या ग्रुपवर आलेला, वर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असं लिहिलेलं. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: जनुकीय दोष असलेली मुलं उशिराच वयात येतात, तपासण्यांवर पैसे घालवू नका, मुलीचं लग्न लावून द्या, पाळी आपोआप सुरू होते, हार्मोन दिले तर दाढीमिशा फुटतात, आणि हे सगळं आईने ग्रहण न पाळल्यामुळे होतं.

माझी भाची १५ वर्षांची आहे. तिला टर्नर सिंड्रोम असल्याचं गेल्या महिन्यात कळलं. मेसेज आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी अकलूजकडचं एक स्थळही सुचवलं गेलं. म्हणून लग्नाचा मुद्दा आधी घेते.

मुलगी वयात येते तेव्हा मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीकडून अंडाशयाला निरोप जातो, अंडाशय इस्ट्रोजेन तयार करतं, त्याने छाती भरते, गर्भाशय वाढतं आणि साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. टर्नरमध्ये दोनपैकी एक एक्स गुणसूत्र पूर्ण किंवा अर्धवट नसतं. अशा बहुतेक मुलींच्या अंडाशयातली बीजं आईच्या पोटात असल्यापासूनच झपाट्याने संपत जातात. वय झालं की पिट्युटरी निरोपावर निरोप धाडते, पण उत्तर द्यायला पलीकडे कुणी नसतं. भाचीच्या रिपोर्टमध्ये एफएसएच, म्हणजे पिट्युटरीचा तो निरोप, भरमसाट वाढलेला दिसला ते यामुळेच. नवरा आल्याने संपलेली बीजं परत येतात का? शरीरसंबंधाचा आणि अंडाशय जागं होण्याचा काडीचाही संबंध नाही. पाळी येणार नाहीच, वर वर्षभरात 'वांझ' म्हणून माहेरी आणून सोडतील. १८ च्या आत मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे पुन्हा वेगळंच.

आणि जीवाचं काय? टर्नर असलेल्या बऱ्याच मुलींमध्ये हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या, म्हणजे महाधमनीच्या, झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतात. काहींची महाधमनी एखाद्या ठिकाणी अरुंद असते, काहींची फुगत जाते. मोजक्या जणींना दिवस जातात, पण महाधमनी फुगलेली असताना गरोदर राहिलं तर ती फाटून बाई दगावू शकते. टर्नरच्या उपचारांसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत, २०१७ ला आलेल्या, २०२४ ला सुधारलेल्या. त्या सांगतात, निदान झालं की वय कितीही असो, हृदयाचा इको करा. मेसेज म्हणतो तपासण्या नकोत, मांडव घाला. संतापाने हात थरथरतात वाचताना.

आता 'थांबा, येईल' याबद्दल. यात थोडं खरं आहे, तेवढं मान्य करते. काही मुलं निरोगी असूनही उशिरा वयात येतात, विशेषतः मुलगे, आणि विचारलं तर बाप किंवा मामाही तसाच उशिरा वाढलेला असतो. पण हे तपासून ठरवायचं असतं. १३ पर्यंत मुलीची छाती वाढायला लागली नाही, १५ पर्यंत पाळी आली नाही, १४ पर्यंत मुलाच्या वृषणांची वाढ सुरू झाली नाही, तर दाखवायला हवं.

आमच्या घरी हे सगळ्यात आधी बहिणीच्याच लक्षात आलं होतं. ती युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करते. शाळेचे कपडे शिवणारं गाव आपलं. लेकीच्या पिनाफोरला वाढत्या अंगासाठी खाली चार बोटं दुमड ठेवली होती. तीन वर्षांत ती एकदाही उसवावी लागली नाही. हे तिने एका डॉक्टरांना सांगितलंही होतं. "आई बुटकी, मुलगी बुटकी," म्हणून त्यांनी परत पाठवलं. तेव्हाच कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, झाला असता तर वाढीच्या इंजेक्शनांना हाडांची टोकं जुळून उंची थांबायच्या आधीची तीन वर्षं मिळाली असती.

शिवाय जनुकीय दोष म्हणजे उशीर हेही खोटं. डाऊन सिंड्रोमची मुलं साधारण इतरांच्याच सुमारास वयात येतात. मुलींना पाळी येते, म्हणून पॅड कसं बदलायचं, नको तो स्पर्श कसा ओळखायचा हे त्यांना वेळेत शिकवावं लागतं. क्लाइनफेल्टरच्या, म्हणजे एक एक्स गुणसूत्र जादा असलेल्या, मुलग्यांचं वयात येणं वेळेवर सुरू होतं, पुढे मंदावतं. प्रॅडर-विली या दुसऱ्या जनुकीय आजारात ते बऱ्याचदा अर्धवट राहतं. एमकेआरएन३ या जनुकात बिघाड असेल तर मुलगी ८ च्या आतच वयात येऊ शकते.

दाढीमिशांचं तर धडधडीत खोटं. टर्नरमध्ये देतात ते इस्ट्रोजेन, बाईच्याच शरीरातलं. वर सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय सूचनांनुसार ते ११-१२ व्या वर्षी अगदी कमी मात्रेत सुरू करतात आणि दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवतात. वर्षानुवर्षं एकटं इस्ट्रोजेन घेतलं तर गर्भाशयाच्या अस्तराला धोका असतो, हे खरं. म्हणूनच पुढे प्रोजेस्टेरॉन हे बाईच्या शरीरातलं दुसरं हार्मोन जोडतात. न देण्याचे परिणाम मात्र मेसेजमध्ये नाहीत. हाडं ठिसूळ होतात, गर्भाशय लहानच राहतं.

ग्रहणाच्या वाक्यावर मात्र बहीण रडली. पोटुशी असताना ग्रहणाच्या दिवशी तिने भाजी चिरली होती म्हणे, आणि ते सासूबाईंना अजून आठवतं. टर्नर सहसा पिढीजात नसतो, आईच्या वयाशीही त्याचा संबंध नाही. बहुतेक वेळा हरवलेलं एक्स हे वडिलांकडून येणारं असतं. म्हणून आता भावजींना धरायचं नाही. पेशी तयार होताना घडलेली ती चूक आहे, कुणी केलेली नाही. फोनवर हे मी तिला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा तिने भावजींकडे फोन दिला, त्यांनाही सांगितलं.

इकोची तारीख गुरुवारची आहे. अकलूजवाल्यांना बहिणीने तेवढंच कळवलंय.