सलाईन, जीपी आणि सकाळचं कॉर्टिसॉल

फॅमिली डॉक्टर संपले, जो तो थेट स्पेशालिस्टकडे धावतो, इंग्लंडसारखी जीपी पद्धत आणा, म्हणजे आधी ठरलेल्या जनरल डॉक्टरकडे जायचं आणि त्यांनी पाठवलं तरच स्पेशालिस्टकडे. पुण्याच्या मित्रांचा हा ठरलेला वाद. इंग्लंडमध्येच, लेस्टरला राहून मला ते तितकंसं पटत नाही.

इथे ओळखीतल्या एका साताऱ्याच्या बाईंना कित्येक महिने थकवा होता. वजन उतरत होतं, उठलं की डोळ्यांपुढे अंधारी, आणि लोणच्याचा खार नुसता खायच्या. जीपीकडे मिळतात दहा मिनिटं. त्यात कधी मेनोपॉज निघाला, कधी ताण. अंग काळवंडलंय म्हणाल्या, तर डॉक्टरांना तो मूळचाच रंग वाटला! शेवटी एका बदली डॉक्टरांनी तळहाताच्या काळ्या पडलेल्या रेषा बघितल्या, हिरड्यांवरचे काळे डाग बघितले, पासपोर्टावरचा जुना फोटो मागितला. मग सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल हे हार्मोन तपासलं, आणि इंजेक्शन देऊन ते वाढतं का हे बघणारी सिनॅक्थेन टेस्ट केली. निघाला अ‍ॅडिसन, म्हणजे किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी. थॉमस अ‍ॅडिसन यांनी 1855 मध्ये लंडनमध्येच या आजाराचं वर्णन केलं, त्यात काळवंडलेली त्वचाही होती.

सातारला असत्या तर? कॉर्टिसॉलची टेस्ट लॅबमध्ये जाऊन स्वतःच करून घेता आली असती, पण ती सुचवणार कोण? आधी सलाईन लागलं असतं. आणि गंमत अशी की सलाईनने या पेशंटला खरंच बरं वाटतं. मीठ-पाणी मिळालं की बीपी सावरतं, चार दिवस तरतरी येते, आणि निदान आणखी लांबतं. आपल्याकडे टीबीनेही या ग्रंथी जातात. टीबी होऊन गेलेल्या माणसाच्या थकव्याला ‘अशक्तपणा’ म्हणून टॉनिक देणं मला म्हणूनच धोक्याचं वाटतं.

स्टिरॉइडचं, म्हणजे कॉर्टिसॉलसारखंच काम करणाऱ्या औषधाचं, तर विचारूच नका. सांधेदुखीच्या, दम्याच्या पुडीत काय असतं ते पेशंटला ठाऊक नसतं. अशा गोळ्या महिनोन्‌महिने पोटात गेल्या की ग्रंथी कामच सोडतात, आणि पुडी एकदम बंद केली की माणूस कोसळतो. भरीला इंटरनेटवर ‘अ‍ॅड्रिनल फटीग’ची पावडर विकणारे आहेतच. ताणाने या ग्रंथी थकतात, असा त्यांचा दावा. हार्मोन्सचे तज्ज्ञ, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट, असा आजार मानत नाहीत. पण पेशंटच्या तोंडून ‘अ‍ॅड्रिनल’ ऐकलं की काही डॉक्टर आता फाइलच मिटतात, आणि त्यात खरा अ‍ॅडिसनवालाही घरी जातो.

म्हणून जीपी पद्धत इथेच राहू द्या. न्यायचंच असेल तर एनएचएसने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेने, 2020 मध्ये आणलेलं स्टिरॉइड इमर्जन्सी कार्ड न्या. बाईंच्या पर्समध्ये ते असतं. अ‍ॅड्रिनल क्रायसिस, म्हणजे कॉर्टिसॉल फार कमी पडून जिवावर बेतलं, तर 100 मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं (औषधरूपातल्या कॉर्टिसॉलचं) इंजेक्शन द्या, असं त्यावर स्पष्ट छापलंय. मराठीत छापायला असा किती खर्च येणार? आणि तोवर, दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या आणि पुड्या पिशवीत घालून न्या. थकवा, वजन, चक्कर आणि रंग, चारही एकाच डॉक्टरला एकाच वेळी सांगा, आणि सकाळी आठच्या कॉर्टिसॉलचं नाव घेऊन विचारा.