गोरस्थानात जाताय? मग पाट्या वाचू नका

कोलकात्याच्या सहलीत कालीघाट झाला, दक्षिणेश्वर झालं, व्हिक्टोरिया मेमोरियलसमोर सगळ्यांचे एकदम उडी मारतानाचे फोटो झाले आणि तरीही अर्धा दिवस उरला, की ग्रुपमधलं कुणीतरी साउथ पार्क स्ट्रीट सिमेटरीचं, म्हणजे कंपनीच्या काळातल्या साहेबांच्या जुन्या गोरस्थानाचं (कबरस्तानाचं), नाव काढतंच. जरूर जा. फक्त तिथं वागायचं कसं ते आधी समजून घ्या, म्हणजे गेलात तसेच परत याल.

पार्क स्ट्रीट मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की सिमेटरी समोरच असणार, अशी खात्री बाळगा. ती रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मल्लिकबाजारच्या चौकाशी आहे. चालून चालून जी चिडचिड होईल ती कंपनी सरकारवर काढा. मढी गावाबाहेर नेऊन पुरायची सोय त्यांनीच केली. या रस्त्यालाही तेव्हा बरियल ग्राउंड रोडच म्हणत. कपडे म्हणाल तर हाफ पँट उत्तम. झाडी दाट आहे, डास मुबलक आहेत. इथं निजलेल्यांपैकी कित्येकांना तापानं नेलं आणि तो ताप दलदलीच्या खराब हवेनं येतो, यावर त्यांच्या डॉक्टरांची गाढ श्रद्धा होती. डासाचं नाव पक्कं व्हायला १८९७ साल उजाडावं लागलं. तुम्हाला ते शाळेतच शिकवलंय, तरी मलम हॉटेलातच विसरा. वातावरणनिर्मिती महत्त्वाची.

आत शिरल्यावर पहिला आणि शेवटचा नियम: थडग्यांवरच्या पाट्या वाचायच्या नाहीत. पिरॅमिड बघा, घुमट बघा, ग्रीक खांब बघा. दगडी वाटतात ना? पुष्कळ ठिकाणी आत वीट आहे आणि वरून चुन्याचा गिलावा. प्री-वेडिंगच्या फोटोत हा फरक दिसत नाही, तेव्हा तुम्हीही त्यात पडू नका. वाचायला लागलात की घोटाळा होतो. माणूस नकळत वजाबाकी करू लागतो. जन्मसाल, मृत्यूसाल, हाती आले बावीस. शेजारी एकोणीस. त्याच्या पलीकडे तर महिन्यांत मोजायचं वय. असल्या आकड्यांनंतर रीलवर भुताचं संगीत लावायची इच्छाच राहत नाही.

मळसूत्रासारखा पीळ असलेल्या एका उंच थडग्यापाशी गाइड हमखास थांबेल. रोझ एल्मर, १८०० साली गेली. फार अननस खाल्ले म्हणून गेली, असं सांगतात. हसा आणि पुढं चला. ती वीस वर्षांची होती, मावशीबरोबर जहाजातून इथं आली होती आणि दोन वर्षांत संपली, हे ऐकायला थांबलात तर अननसाची मजा जाईल.

मोठ्या साहेबांचे लेख मात्र वाचले तरी चालतील. मेल्या म्हशीला मणभर दूध ही म्हण आपल्याकडची. पण तिचा संगमरवरी अवतार पाहायचा तर इथंच. कंपनीचा जो तो नोकर सचोटीचा, मित्रांचा आधार, गरिबांचा वाली. लाच खाणारा, मिठाच्या मक्तेदारीवर गब्बर झालेला असा एकही इसम या आवारात पुरलेला नाही, निदान पाट्यांवरून तरी नाही. मग बंगाल लुटला कोणी, असा आगाऊ प्रश्न विचारू नका. हे गोरस्थान १७६७ साली उघडलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत बंगालात दुष्काळ पडला आणि किमान एक तृतीयांश माणसं मेली. आकडा माझा नाही, कंपनीचाच गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्जचा. १७७२ सालच्या ज्या पत्रात त्यानं तो दिला, त्याच पत्रात १७७१ ची निव्वळ महसूल-वसुली १७६८ पेक्षाही जास्त झाल्याचं कळवलंय. त्या मेलेल्यांचे घुमट कुठं आहेत हे गाइडला विचारून त्याला अडचणीत आणू नका. त्याच्या नकाशात ते नाहीत.

आता तुमचं रक्त तापलं असेल. छान. ‘सगळे चोर साले’ म्हणून मोकळे व्हा आणि तडक गेटाकडे निघा. रेंगाळलात तर तो रागही धड राहणार नाही. कारण त्या उंच सुळक्याखाली विल्यम जोन्स आहे. न्यायाधीश म्हणून आला, १७८४ साली पूर्वेकडच्या विद्यांच्या अभ्यासासाठी एशियाटिक सोसायटी काढली, दोन वर्षांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या असाव्यात असं भर सभेत सांगितलं. संस्कृत सर्व भाषांची जननी असल्याचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुढं ढकलण्यापूर्वी इथं वाकून नमस्कार करा. तो तसं म्हणाला नव्हता, पण तुम्हाला कुठं वाचायचंय? पलीकडे देवळासारखं थडगं आहे ते मेजर जनरल चार्ल्स स्टुअर्टचं. रोज गंगेत अंघोळ करायचा, मूर्ती पुजायचा, मडमांनी साडी नेसावी म्हणून वर्तमानपत्रात लिहायचा. त्यानं जमवलेल्या मूर्ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. भक्त म्हणावं की आणखी काही, हे ठरवायला वेळ लागतो आणि बाहेर बस थांबलेली असते. रॉबर्ट किडनं शिबपूरचं वनस्पती उद्यान उभारलं आणि मृत्युपत्रात लिहिलं की मला माझ्या बागेतच पुरा. आणून टाकला इथं, साहेबांच्या रांगेत.

डेरोझिओकडे तर अजिबात फिरकू नका. तो ना धड साहेब, ना धड बाबू. कोलकात्यातच जन्मलेला, भारताला मायभूमी म्हणून इंग्रजीत कविता करणारा. सतराव्या वर्षी हिंदू कॉलेजात मास्तर झाला आणि पोरांना एकच वाईट खोड लावली: कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, विचारायचं. पालक खवळले, १८३१ मध्ये राजीनामा घ्यायला लावला आणि त्याच डिसेंबरात पटकीनं तो बाविसाव्या वर्षी गेला. आपल्या पालकसभांमध्ये आजही त्याचा निकाल असाच लागेल, त्यामुळं इथं हळहळायचं कारण नाही.

राहता राहिलं नाव कोरणं. दोनशे वर्षांच्या गिलाव्यावर बदाम काढून दोन नावं लिहिल्याशिवाय प्रेम पक्कं होत नाही, हे मान्य. रस्त्यापलीकडचं उत्तरेचं गोरस्थान तर जवळजवळ अख्खंच पाडून झालंय, तुमच्या खिळ्यानं असं काय बिघडणार? फक्त नुसतं ‘पप्पू’ लिहून पळू नका. आडनावासकट पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल नंबर नीट सुवाच्य अक्षरात कोरा. रखवालदाराला तक्रार लिहिताना शुद्धलेखनाची अडचण यायला नको.