साठ लाखांचे पंचवीस कोटी कसे करावेत

ज्यांना चित्रपटापेक्षा त्याच्या गल्ल्यात अधिक रस वाटतो, अशा सुजाण वाचकांसाठी 'द गॉडफादर'इतके पवित्र उदाहरण दुसरे नाही. १९७२ साली पॅरामाउंट कंपनीने प्रदर्शित केलेल्या, माफिया कुटुंबावरच्या या चित्रपटाचा निर्मितीखर्च ६० ते ७२ लाख डॉलर होता आणि जगभरातून त्याने २५ ते २९ कोटी डॉलर मिळवले, एवढे एक वाक्य आपण पाठ केले, की १७५ मिनिटे अंधारात बसून तो प्रत्यक्ष पाहण्याची काहीही गरज उरत नाही. लग्नसमारंभात जेवणाच्या पंगतीत, गाडीत किंवा स्मशानातून परतताना हे वाक्य बोलले असता ऐकणारा आपल्याकडे आदराने पाहतो आणि पुढचा प्रश्न विचारण्याचे धाडस करीत नाही.

तरीही एखाद्या आगंतुकाने प्रश्न विचारलाच, तर गणिताची थोडी पूर्वतयारी असावी. तिकीटबारीवर जमलेले सगळे पैसे निर्मात्याच्या खिशात जात नाहीत आणि त्यातला बराच भाग चित्रपटगृहाचा मालक ठेवून घेतो, ही गोष्ट आपण चुकूनही उच्चारू नये. त्या काळी अमेरिकेतील व्यापारी वृत्तपत्रे चित्रपटाचे यश वितरकाच्या वाट्यावरून मोजत असत. 'गॉडफादर'चा अमेरिका आणि कॅनडातील असा वाटा सव्वाआठ ते साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास होता आणि त्याच मापाने त्याने १९३९ च्या 'गॉन विथ द विंड'ला मागे टाकले. त्याच प्रदेशातला तिकीटबारीवरचा गल्ला साडेतेरा कोटींच्या घरात जातो आणि जगाचा हिशेब त्याहून मोठा होतो. या तीन आकड्यांपैकी जो सर्वांत मोठा असेल तो घ्यावा, त्याला खर्चाच्या सर्वांत लहान आकड्याने भागावे आणि येणारे ४८ हे उत्तर खणखणीत आवाजात सांगावे. साडेआठ कोटींना ७२ लाखांनी भागून १२ हे उत्तर काढणारी, आणि वर प्रती काढण्याचा व जाहिरातीचा खर्च यात धरलाच नाही अशी कुरकुर करणारी माणसे प्रत्येक कुटुंबात एखाद-दुसरी असतात, परंतु त्यांना सहसा कोणी जेवायला बोलावत नाही.

यानंतर डॉलरचे रुपये करावेत आणि ते आजच्या दराने करावेत. १९७२ मध्ये डॉलरला साडेसात रुपयांच्या आसपास मोजावे लागत, त्यामुळे त्या दराने २५ कोटी डॉलरचे दोनशे कोटी रुपयेसुद्धा होत नाहीत आणि सगळी मजाच निघून जाते. आजच्या दराने मात्र ते दोन हजार कोटींच्या वर जातात. अमेरिकेत तेव्हा तिकीट सरासरी पावणेदोन डॉलरच्या आसपास होते, म्हणजे हा आकडा गाठायला किती माणसे प्रत्यक्ष रांगेत उभी राहिली असतील, असा विचार मनात येऊ लागला तर तो तातडीने दूर सारावा. आपला विषय पैसा आहे.

आता आपल्याला हे सारे केवळ सांगायचे नसून स्वतः करायचे आहे, असे गृहीत धरून मी पुढचा सल्ला देतो. पहिली पायरी म्हणजे एखादा कर्जबाजारी लेखक शोधणे. मूळ 'गॉडफादर' कादंबरीचे लेखक मारियो पुझो हे आदर्श होते. पंचेचाळिसाव्या वर्षी नातेवाईक, बँका, सावकार आणि सट्टेवाले अशा सर्वांचे मिळून आपण २०,००० डॉलरचे देणेकरी होतो, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. कादंबरी अर्धवट असतानाच पॅरामाउंटने तिच्या चित्रपट-हक्कांसाठी १२,५०० डॉलर पुढे केले आणि उरलेली रक्कम चित्रपट झालाच तर देण्याचे कबूल केले. पुझोंच्या एजंटांनी त्यांना थांबण्याचा सल्ला दिला होता. पाण्यात बुडालेल्या माणसाला दीर्घ श्वास घ्या म्हणून सांगावे तसा तो सल्ला होता, असे पुझो म्हणत. १९६९ मध्ये कादंबरी प्रसिद्ध झाली, लाखोंनी खपली आणि कंपनीच्या हातात जवळजवळ फुकटात सोन्याची खाण आली. एखादी कंपनी अशा वेळी हुरळून गेली असती, परंतु पॅरामाउंटने संयम पाळला. आदल्याच वर्षी माफियावरचा त्यांचा एक चित्रपट आपटलेला असल्यामुळे या विषयाला प्रेक्षक नाही, असे अनुभवसिद्ध मत बनले होते, आणि म्हणून वीस-पंचवीस लाखांत काहीतरी उरकून टाकावे असे ठरले.

दुसरी पायरी म्हणजे कर्जबाजारी दिग्दर्शक. बऱ्याच नामवंतांनी नकार दिल्यावर कंपनी ३१ वर्षांच्या फ्रान्सिस फोर्ड कोपोलांकडे आली. ते इटालियन वंशाचे होते, आणि पडद्यावर स्पॅगेटीचा वास आला पाहिजे अशी निर्मितीप्रमुख रॉबर्ट इव्हान्स यांची अपेक्षा होती. कोपोलांना कादंबरी भडक वाटली होती आणि त्यांनीही आधी नाही म्हटले होते. सुदैवाने सान फ्रान्सिस्कोत त्यांनी थाटलेली स्वतःची छोटी कंपनी बुडण्याच्या बेतात होती आणि वॉर्नर ब्रदर्सने दिलेले पैसे परत मागितले होते, त्यामुळे त्यांच्या कलाविषयक तत्त्वांचा फार काळ अडथळा झाला नाही.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची असून ती निष्ठेने पाळावी लागते. दिग्दर्शक जे जे सुचवील त्याला विरोध करावा. कथा १९४५ ते १९५५ या काळात आणि न्यूयॉर्कमध्ये घडते, असे पुस्तकात स्पष्ट लिहिले असले तरी ती चालू काळात आणि कॅन्सस सिटीसारख्या स्वस्त गावात घडवावी, कारण जुन्या मोटारींना भाडे पडते आणि न्यूयॉर्कमध्ये तर उभे राहायलाही पैसे पडतात. टोळीप्रमुख डॉन कॉर्लिओनेच्या भूमिकेसाठी मार्लन ब्रँडोचे नाव निघाले, की या माणसाचे नाव पुन्हा काढू नका असे बजावावे. फारच हट्ट झाला तर त्याने चाचणी द्यावी, जवळजवळ फुकटात काम करावे आणि त्याच्यामुळे चित्रीकरण लांबणार नाही याची हमी भरावी, अशा अटी घालाव्यात. ब्रँडोने स्वतःच्या घरी केसांना बुटाचे पॉलिश लावून आणि गालांत बोळे कोंबून ती चाचणी दिली, तेव्हा कंपनीचे धनी चार्ल्स ब्लुडॉर्न यांना तो ओळखू आला नाही आणि ही अट दुर्दैवाने निकामी ठरली. डॉनचा मुलगा मायकेल याच्या भूमिकेसाठी रॉबर्ट रेडफर्डसारखा सोनेरी केसांचा देखणा पुरुष सुचवावा. सिसिलीत जन्मलेल्या बापाचा मुलगा असा कसा, हे विचारणारे लोक तिकीट काढत नाहीत. अल पचिनो ठेंगणा असल्याचे सांगून पाहावे, आणि तरीही तो घेतला गेलाच तर पहिले काही आठवडे त्याला काढून टाकण्याची टांगती तलवार ठेवावी. मायकेल उपाहारगृहात दोघांचा खून करतो, त्या प्रसंगाच्या चित्रीकरणानंतरच ती बाजूला झाली. छायाचित्रणकार गॉर्डन विलिस यांनी डॉनचे डोळे सावलीत बुडवले, तेव्हा नटाला डोळ्यांचेही पैसे दिले आहेत मग ते दिसत का नाहीत, अशा आशयाची हिशेबी नाराजी व्यक्त करावी. दिग्दर्शक आज काढला जाणार की उद्या, याची कुजबूज सेटवर सतत चालू राहील हेही पाहावे.

हे वाचून आपल्या मनात शंका आली असेल. ज्या ज्या गोष्टीला कंपनीने विरोध केला, म्हणजे जुना काळ, न्यूयॉर्क, सिसिली, ब्रँडो, पचिनो आणि तो अंधार, त्याच गोष्टींसाठी लोकांनी रांगा लावल्या, मग विरोधाचा उपयोग काय झाला? हा प्रश्न ज्याने स्वतःचे पैसे कधी गुंतवले नाहीत असाच माणूस विचारू शकतो. उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्याला शहाणा म्हणण्याची आपली जुनी रीत आहे, आणि शेळ्या त्याचे न ऐकता नीट घरी पोहोचल्या तर त्यांच्या दुधावर हक्क कोणाचा, याबद्दल करारपत्रात कधीही संदिग्धता नसते.

काटकसरीचा तपशीलही शिकण्यासारखा आहे. पचिनो, जेम्स कान आणि डायान कीटन यांना प्रत्येकी ३५,००० डॉलरच्या आसपास मानधन मिळाले. टोलनाक्यावर डॉनचा थोरला मुलगा सनी (जेम्स कान) याची गोळ्यांनी चाळण करण्याच्या एका प्रसंगाला याच्या जवळजवळ तिप्पट, सुमारे एक लाख डॉलर लागले, म्हणजे नटाला जिवंत ठेवण्यापेक्षा मारणे किती महाग पडते ते लक्षात यावे. पलंगात सापडणारे ते सुप्रसिद्ध कापलेले घोड्याचे मुंडके मात्र कुत्र्यांचे खाद्य बनवणाऱ्या कारखान्यातून खरेच आणले होते. ज्या काटकसरीचे कौतुक व्हावे तिथे प्रेक्षकांनी किंकाळ्या फोडल्या. ब्रँडोला ५०,००० डॉलर आणि मिळकतीतले काही टक्के देण्याचे ठरले होते. चित्रपट लागण्यापूर्वीच त्याला पैशांची निकड भासली आणि त्याने ते टक्के एक लाख डॉलरला कंपनीलाच परत विकले, असे इव्हान्स यांनी सांगून ठेवले आहे. ते जपून ठेवले असते तर पुढे त्यांची किंमत एक कोटीच्या वर गेली असती. निकड असलेला माणूस भेटला की हिशेब किती सोपा होतो, ते इथे पुन्हा दिसते.

सवलत द्यायचीच झाली तर ती अशी द्यावी की जिला खर्च नाही. इटालियन-अमेरिकनांची बदनामी होते म्हणून न्यूयॉर्कमधील माफियाप्रमुख जोसेफ कोलंबो यांच्या संघटनेने चित्रीकरणात अडथळे आणले, तेव्हा निर्माते अल रडी यांनी 'माफिया' हा शब्द संहितेतून काढून टाकण्याचे मान्य केले. संहितेत तो जेमतेम कुठेतरी होता. यापेक्षा स्वस्त तडजोड हॉलिवूडच्या इतिहासात झाली असेल असे मला वाटत नाही.

मार्च १९७२ मध्ये न्यूयॉर्कला पहिला खेळ झाला आणि काही दिवसांतच शेकडो चित्रपटगृहांत तो एकदम लावण्यात आला. मोठा चित्रपट आधी दोन-चार शहरांत मिरवावा आणि मग हळूहळू खेड्यांकडे न्यावा, ही जुनी पद्धत होती. पॅरामाउंटने ती मोडली, तिकिटाचे दर चढवले आणि चित्रपटगृहांच्या मालकांकडून आगाऊ पैसे घेतले. एवढ्या एका बाबतीत कंपनीची हुशारी निर्विवाद असल्यामुळे उपरोधाने लिहिणाऱ्याची इथे थोडी पंचाईत होते. पुढे १९७४ मध्ये एनबीसी वाहिनीने दोन रात्रींत हा चित्रपट दाखवण्यासाठी एक कोटी डॉलर मोजले, म्हणजे चित्रपट बनवायला लागले त्याहून अधिक पैसे तो एकदा घरात दाखवण्याचे मिळाले.

यश आल्यावर श्रेय कसे घ्यावे तेही सांगितले पाहिजे. चित्रपट सव्वादोन तासांहून लांबला तर संकलन आपल्या हातून काढून घेतले जाईल, अशी तंबी मिळाल्यामुळे आपण तो कापला, असे कोपोला सांगत. तर दिग्दर्शकाने तोकडा चित्रपट आणून दिला आणि तो लांब करण्याचा आग्रह आपणच धरला, असे इव्हान्स सांगत. कापणारे कोणी नव्हतेच आणि वाढवणारे मात्र दोघेही होते, असा याचा मेळ लावावा आणि पुढे चालावे. आपल्याकडे मुंबईत रामगोपाल वर्मांनी २००५ साली 'सरकार' काढला, तेव्हा 'गॉडफादर'चा प्रभाव सुरुवातीलाच पडद्यावर मान्य करून टाकला होता. ऋण मान्य करणे हे ते फेडण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

आपल्या सल्लागाराला विरोधी पुरावाही ठाऊक आहे, हे दाखवण्यासाठी शेवटी दोन उदाहरणे देतो. दुसऱ्या भागाच्या वेळी कोपोलांना बरेच स्वातंत्र्य मिळाले आणि खर्च १.३ कोटी डॉलरवर गेला. त्याला सहा ऑस्कर मिळाली आणि गल्ला पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी झाला, म्हणजे स्वातंत्र्य दिले की पुतळ्या वाढतात आणि पैसे घटतात, हे आकड्यांनिशी सिद्ध होते. त्यानंतर १९८२ मध्ये, नाही म्हणणारा कोणीच डोक्यावर नसताना, याच दिग्दर्शकाने स्वतःच्या स्टुडिओत 'वन फ्रॉम द हार्ट' हा संगीतमय प्रेमपट २.६ कोटी डॉलर खर्चून काढला. अमेरिकेत त्याला दहा लाख डॉलरसुद्धा मिळाले नाहीत. स्टुडिओ गेला, कर्ज राहिले, आणि पुढची कित्येक वर्षे ते फेडण्यासाठी मिळेल तो चित्रपट करण्यात गेली. पॅरामाउंट तिसऱ्या भागासाठी अधूनमधून विचारत होतीच आणि कोपोला नाही म्हणत होते. अखेर १९९० मध्ये तिसरा भाग आला.

तेव्हा कथा, नट, कॅमेरा यांची चिंता आताच करू नये. ओळखीपाळखीत कोणी गुणी आणि कर्जात बुडालेला माणूस आहे का ते पाहावे, आणि गुणी असून कर्ज नसेल तर थोडे थांबून ते होऊ द्यावे.