चाळीसात एक

गेली 17 वर्षं लोकांच्या संडास-मोऱ्यांत घालवली तरी कागदावर मी प्लंबर नव्हतोच. काम मी करायचं, पान्यात बोटं माझी चेंबायची, आणि नळजोडाच्या अर्जावर सही अण्णांची. अण्णा म्हणजे माझे चुलते, परवानाधारक. जीआय म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पाइपच्या आट्यांना टेफ्लॉन टेप न लावता ताग आणि सफेदा लावणाऱ्या पिढीतले, म्हणजे त्यांनी केलेला जॉइंट खोलायचा तर पाइपच कापावा लागतो. तर बायको म्हणाली, किती दिवस दुसऱ्याच्या सहीवर जगायचं, काढा की स्वतःचं लायसन.

गेलो पालिकेत काढायला. आयटीआयचं सर्टिफिकेट, रहिवासी दाखला, चारित्र्याचा दाखला, फोटो, अनामतीचं चलन, सगळं जमलं. अडलं अनुभवाच्या दाखल्यावर. तो परवानाधारकानंच द्यायचा, अण्णांनी दिला, तर मॅडम म्हणतात ह्यांच्याच परवान्याचं नूतनीकरण राहिलंय, चालणार नाही.

"मॅडम, मी घातलेल्या लायनी वाहतायत ना पण?"

"वाहत असतील हो काका, पण कागदावर नाहीत ना."

मग अण्णांना रिक्षात घालून आणलं, त्यांचं नूतनीकरण केलं, दंड मी भरला, आणि रांगेत उभ्या उभ्या अण्णांनी भिंतीवरच्या पाइपच्या क्लॅम्पा मोजून दोन कमी आहेत हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

त्यानंतर फाइल आवक-जावकला दोन महिने पडून. माझ्या भाषेत सांगायचं तर उतारच नव्हता. चार इंची ड्रेनेजला चाळीसात एक उतार लागतो, म्हणजे चाळीस फुटांत एक फूट, सहा इंचीला साठात एक. लाइन सपाट झाली की सगळं जागेवर बसतं आणि वास सुटतो. शेवटी मेव्हण्याच्या ओळखीनं एका माजी नगरसेवकांचा फोन गेला आणि फाइल त्याच दिवशी तिसऱ्या मजल्यावर, आणि मला तोंडी परीक्षेला बोलावणं!

इंजिनियर साहेब तरुण होते. पाण्याची लाइन आणि ड्रेनेजची लाइन एकमेकींना ओलांडतात, वर कोणती? म्हटलं पाण्याची, नायतर गळती झाली की लोकं गटार पितील. ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीखालच्या पाइपच्या वळणात, पाणी का ठेवायचं? म्हटलं साहेब ते दोन इंच पाणी गटाराचा वास अडवतं म्हणून तुम्ही घरात जेवू शकता. साहेब हसले. मग म्हणाले, चाळीसात एकच कशाला, दहात एक देऊ, अजून जोरात वाहील, बिघडलं कुठं?

"साहेब, उतार जास्त झाला की पाणी पुढं पळून जातं आणि मैला मागं राहतो."

साहेब मान डोलवत फाइल चाळायला लागले, पुढची पानं, मागची पानं, परत पुढची. अनामतीचं चलन कुठाय? अनुभवाचा दाखला? इथं तर नुसता अर्जच आलाय.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ते मागंच राहिलं असणार साहेब, पहिल्या मजल्यावर."

पास केलं बाबा त्यांनी, पण जोडपत्रं जिन्यानं वर यायला अजून तीन आठवडे गेले. 11 मार्चला परवाना हातात पडला, लॅमिनेशन करून देवापुढं ठेवला. बायकोनं चष्मा लावून खालची बारीक ओळ वाचली, मुदत 31 मार्च.

"म्हणजे वीस दिवस आहेत," ती म्हणाली, "तेवढ्यात आपल्या मोरीचा नळ तेवढा बघून घ्या."