डब्याची मागची बाजू वाचा की रे!

बेळगावात दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर आणि कुठली खाली, यावरून रात्रभर भांडणारी माणसं गल्लोगल्ली सापडतील. ऑइलच्या डब्यामागे छापलेल्या चार ओळी वाचणारा मात्र खडेबाजारापासून उद्यमबागेपर्यंत एक मिळत नाही. सल्ला द्यायला सगळे पुढे!

गाडी प्रीमियर पद्मिनी. १०८९ सीसी, कार्ब्युरेटर, झडपा उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये आणि त्यावर घासत चालणारे सपाट टॅपेट. हे दुकानदाराला सांगायची वेळच येत नाही, कारण तो विचारतच नाही. "पेट्रोल काय? मग हे घ्या की साहेब, झिरो डब्ल्यू ट्वेंटी, फुल सिंथेटिक, एकदम लेटेस्ट." अहो, गाडी कुठं लेटेस्ट आहे? झिरो डब्ल्यू म्हणजे उणे ३५ अंशाच्या गारठ्यातही इंजिन फिरू देणारं ऑइल. डिसेंबरच्या पहाटे टिळकवाडीत माणसं कानटोपी घालून फिरायला निघतात, बर्फ फोडत नाहीत. माझ्या गाडीला चालणाऱ्या २०डब्ल्यू-५० मधल्या २०डब्ल्यूची चाचणी उणे १५ अंशाला होते, आम्हाला तेच उरून पुरतं.

खरा घोळ पुढच्या आकड्यात. इंजिन तापल्यावर, १०० अंशाला, ऑइल किती दाट राहतं ते हा आकडा सांगतो. २० चं ऑइल त्या वेळी ५० च्या जवळजवळ निम्मंच दाट असतं. इतकी वर्षं पळून बेअरिंगमधली फट वाढलेल्या इंजिनात ते ओता, चोर्ला घाट चढून या आणि गाडी आयडलवर उभी करा. ऑइलचा दाब पडल्याचा लाल दिवा डोळे मिचकावायला लागला की त्या लेटेस्टवाल्याला फोन लावा.

आता कळस ऐका. त्याच दुकानात, त्याच फळीवर २०डब्ल्यू-५० मिनरलचा डबा होता. मी बोट दाखवलं तर म्हणे, "ते बुलेटचं हाय. कारला घालालाय काय? इंजिन बसंल!" डब्यामागे एपीआय एसएल लिहिलेलं, म्हणजे पेट्रोल इंजिनाचीच पायरी. शेजारी जासो एमए. तो शिक्का ऑइलात बुडालेल्या क्लचसाठी, क्लच घसरू नये म्हणून. पद्मिनीचा क्लच कोरडा, त्याला त्या शिक्क्याचं ना सुख ना दुःख. म्हणजे चालण्यासारखं ऑइल द्यायला हा माणूस नकार देतो, आणि जे घातल्यावर खरंच इंजिनाची वाट लागेल ते गळ्यात बांधतो. वर दहा टक्के सूट!

व्हॉट्सॲपवरचे विद्वान याहून वाईट. त्यांनी कुठून तरी झिंक ऐकलंय. "एसएन (एसएलच्या पुढची एपीआय पायरी) दिसलं की हात लावू नका, झिंक काढून टाकलंय." अर्धं खरं आहे, म्हणून तर जास्त डोकं फिरतं. कॅम आणि टॅपेट एकमेकांवर घासतात तिथं झिंक-फॉस्फरसचा थर स्वतः झिजून लोखंड वाचवतो, बरोबर. फॉस्फरसमुळे नव्या गाड्यांचा धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो म्हणून त्यावर मर्यादा आणली, तेही बरोबर. पण २००४ च्या एसएममध्ये आणि २०१० च्या एसएनमध्ये ०.०८ टक्क्याची ती मर्यादा ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडना आहे. २०डब्ल्यू-५० ला ती लागूच नाही. म्हणून नुसतं 'एसएन' वाचून बोंब मारू नका, ग्रेडही वाचा. आणि ती झिंकची वेगळी बाटली ओतायचा सल्ला तर देऊच नका. ऑइल बनवणाऱ्यानं मोजूनमापून घातलेल्या मसाल्यात हे वरून मूठभर टाकणार!

मिस्त्रीमामांचा उपाय एकच: ट्रॅक्टरचं १५डब्ल्यू-४०. चिकोडी-निपाणीकडं ऊस ओढणारे ट्रॅक्टर त्यावर चालतात, मग पद्मिनी का नाही? खरं सांगायचं तर या सगळ्यांत मामाच त्यातल्या त्यात शुद्धीवर आहेत. डिझेलच्या ऑइलात झिंक बऱ्यापैकी असतं. फक्त त्यात डिटर्जंटही जास्त. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला तर तो ऑइल गाळणाऱ्या स्ट्रेनरच्या जाळीवर बसतो, आणि मग मामा म्हणणार, "इंजिनच जुनं की हो." रिकामा डबा परत मागितला तर त्यांचं तोंड वाकडं होतं, ते वेगळंच. रिकाम्या डब्यांत काय काय भरून परत विकतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, तरी डबा मागणारा मीच संशयी!

दिवाळीआधी ऑइल बदलायचंय. मेव्हणा कोल्हापूरहून यायचाय, त्याला २०डब्ल्यू-५० च्या डब्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवलाय. तिथल्या दुकानदारानंही "कुठली गाडी?" न विचारता झिरो डब्ल्यू ट्वेंटी हातात ठेवलं, तर त्याला सांगितलंय, तसाच माघारी ये.