मुलांना मुद्दाम जिंकवू नका, डाव लहान मांडा

साडेसात-आठला लोकलमधून उतरायचं, घरी येऊन जेवणं उरकायची आणि साडेनऊ-दहापर्यंत मूल झोपायला हवं. मुंबईतल्या बहुतेक घरांत मुलांशी खेळायला उरतात ती जेमतेम पंचवीस-तीस मिनिटं. त्यात लुडो निघतो, अर्ध्यावर मूल रडायला लागतं, मोठं कुणीतरी "बरं बाबा, तूच जिंकलास" म्हणत पट गुंडाळतं आणि दुसऱ्या दिवशी सोसायटीत सांगतं, "आमच्या मुलाला हरणं सहनच होत नाही." चार-पाच वर्षांच्या मुलाचा यात फारसा दोष नाही, असं माझं ठाम मत आहे. डाव त्याच्या मानाने फार लांब असतो, इतकंच.

लुडोचा हिशोब मांडून बघा. सोंगटी घरातून बाहेर आली की आत पिकेपर्यंत तिला ५६ घरं चालायची असतात. फाशाचं सरासरी दान साडेतीन. म्हणजे एका सोंगटीला १६ दानं, चार सोंगट्यांना ६४. चौघं खेळत असतील तर अडीचशेच्या आसपास दानं, तीही कुणी कुणाची सोंगटी मारली नाही असं धरून. फासा टाकणं, मोजणं, "माझी पाळी, माझी पाळी" हे सगळं दहा सेकंदांत झालं तरी चाळीस मिनिटं. चार वर्षांचं मूल इतका वेळ बसत नाही, आणि बसलंच तर तिसाव्या मिनिटाला मारली गेलेली सोंगटी त्याला अर्ध्या तासाची कमाई गेल्यासारखी वाटते. मग रडणारच.

सुरुवातीचा 'सहा'सुद्धा असाच छळतो. सहा वेळा टाकूनही एकदाही सहा न पडण्याची शक्यता तीनात एक आहे. दहा वेळा टाकूनही न पडण्याची सहात एक. चौघांच्या डावात दहा पाळ्या म्हणजे मधे बाकीच्यांची तीस दानं. तेवढा वेळ आपल्या चारही सोंगट्या घरात आणि बाकीचे पटभर फिरताहेत, हे मोठ्या माणसालाही बोचेल.

म्हणून सहा वर्षांपर्यंत लुडो असा मांडावा: प्रत्येकाला एकच सोंगटी, फार तर दोन. एक किंवा सहा, काहीही पडलं तरी बाहेर. त्यामुळे सरासरी तिसऱ्या दानाला सोंगटी निघते. मारलेली सोंगटी थेट घरात न पाठवता मागच्या ताऱ्यावर ठेवायची. शेवटच्या घरात जायला नेमकं दान लागतं हा नियम काढून टाकायचा, जास्त पडलं तरी सोंगटी पिकली. तीन सहांचा नियमही नको. एका सोंगटीचा दोघांचा डाव दहा मिनिटांत आटपतो. कुकर लावला की डाव मांडावा आणि तिसऱ्या शिट्टीला संपवावा, बरोबर बसतं. मूल हरलं तरी त्याचं दहा मिनिटांचंच नुकसान होतं आणि ते लगेच म्हणतं, "परत खेळू." हे 'परत खेळू' मिळवण्यासाठी बाकीचा खटाटोप.

आता मुद्दाम हरण्याबद्दल. आजी-आजोबा ते प्रेमाने करतात, त्यांना बोल लावायचा नाही. पण पाच-सहा वर्षांच्या पोराला ते कळतं. "आजी, तू मुद्दाम तिकडची सोंगटी चाललीस ना?" हा प्रश्न आला की त्या दिवसापासून त्याच्या खऱ्या जिंकण्यालाही शंकेची किनार लागते. आपल्याकडे यावर फार चांगला तोडगा पूर्वीपासून आहे: कच्चा लिंबू. चाळीच्या गॅलरीत, सोसायटीच्या आवारात पकडापकडी खेळताना धाकट्या भावंडाला सगळ्यांसमोर जाहीर करून कच्चा लिंबू करतात. तो खेळतो, पळतो, आउट झाला तरी त्याच्यावर राज्य येत नाही, आणि हे त्यालाही माहीत असतं. पटावरही तसंच करावं. "तुझी एक सोंगटी, माझ्या तीन. तू कच्चा लिंबू आहेस म्हणून" असं डाव सुरू होण्याआधी सांगायचं आणि मग पूर्ण मन लावून खेळायचं. लागोपाठ तीन डाव मुलाने जिंकले की आपली एक सोंगटी कमी करायची. त्याच्याही दोन झाल्या आणि आपल्याही दोन, तो दिवस मूल विसरत नाही.

एक शब्द मात्र जिभेवर आला तरी गिळावा: 'रडीचा डाव'. दहा वर्षांच्या चुलतभावाला तो चालतो. चार वर्षांच्या मुलाला तो चिडवण्यापलीकडे काही सांगत नाही. त्यापेक्षा "शेवटच्या घरापाशी येऊन मागे गेलीस, वाईट वाटलं ना" एवढं म्हणावं आणि आपलं दान टाकावं. डाव थांबवू नये.

सापशिडीकडे येऊ, कारण या खेळात खरं सोनं आहे आणि आपण ते वाया घालवतो. मोक्षपट हे तिचं मूळ, परंपरेने ज्ञानेश्वरांचं नाव त्याच्याशी जोडलं जातं. तिथे शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. शिकवण म्हणून ते सुंदरच आहे. पण आजच्या पटावर ९८ वरून साप गिळतो तेव्हा त्यात मुलाचं काही चुकलेलं नसतं. हा निव्वळ दानांचा खेळ आहे, एकही निर्णय कुणाच्या हातात नाही. म्हणून "नीट खेळली नाहीस" असं या खेळात कधीच म्हणू नये.

लांबीचा प्रश्न इथेही आहे. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सापशिडीच्या पटावर एका खेळाडूला १०० गाठायला सरासरी ३९ दानं लागतात असं गणित मांडलेलं आहे. आपल्याकडच्या पटांवर साप-शिड्यांच्या जागा वेगवेगळ्या असतात, त्यामुळे आकडा थोडा मागेपुढे होईल. लहान मुलांसाठी अर्धाच पट घ्यावा. आडव्या घडीचा पट असेल तर वरचा भाग मागे दुमडायचा, ५० ला पोचला तो जिंकला. ५० च्या रेषेपलीकडे जाणारे साप आणि शिड्या मोजायच्याच नाहीत. पूर्ण पट खेळताना १०० साठी नेमकं दान हवंच असा हट्ट धरू नये. ९९ वर बसलेल्या मुलाला नेमका 'एक' पडायला सरासरी सहा पाळ्या लागतात.

मुलं कुठे अडखळतात? बहुतेक दोन ठिकाणी. सोंगटी ज्या घरात आहे तेच घर 'एक' म्हणून मोजतात, त्यामुळे प्रत्येक दान एकाने कमी पडतं. सोंगटी उचलून पुढच्या घरावर टेकवतानाच तोंडाने आकडा म्हणायचा, टेकवल्याशिवाय आकडा नाही, असं ठेवलं की हे सुटतं. दुसरं अडखळणं ओळीच्या टोकाला. १० वरून ११ सरळ वर आहे आणि तिथून दिशा उलटते, हे डोळ्यांना पटत नाही. मुलं पुन्हा डाव्या टोकाला उडी मारतात. स्केचपेनने टोकाच्या घरांवर छोटे बाण काढावेत. पट खराब होईल याची चिंता नको, तो त्यासाठीच आहे.

आणि मोजताना "एक, दोन, तीन" न म्हणता घरावरचा आकडा म्हणावा. सोंगटी २६ वर आहे आणि तीन पडले, तर "सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस". गीता रमाणी आणि रॉबर्ट सिग्लर या संशोधकांनी २००८ मध्ये बालवाडीच्या वयाच्या मुलांना १ ते १० आकड्यांचा एका ओळीतला साधा पट खेळायला दिला. चार बैठकांत मिळून सुमारे तासभर खेळ झाला आणि मुलांची संख्यांची समज वाढली. नऊ आठवड्यांनी तपासलं तेव्हाही ती टिकून होती. तोच खेळ आकड्यांऐवजी नुसत्या रंगांचा खेळलेल्या मुलांत हा फरक दिसला नाही. म्हणजे घरात आकडा लिहिलेला असणं आणि तो तोंडाने म्हटला जाणं, सारं त्यात आहे.

आपल्या मुलांसाठी याला आणखी एक पदर आहे. मुंबईतली असंख्य मराठी घरांतली मुलं इंग्रजी माध्यमात जातात आणि 'एकोणचाळीस' ऐकलं की गडबडतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' अशी वाचनाची रीत आली तेव्हा किती वाद झाला ते आठवत असेल. वाद बाजूला ठेवून घरातला सापशिडीचा पट समोर घ्या. १९, २९, ३९, ४९ ही सगळी घरं ओळीच्या टोकाच्या एक घर अलीकडे आहेत. एकोणतीस म्हणजे तिसाच्या एक घर अलीकडे, एकोणचाळीस म्हणजे चाळिसाच्या एक घर अलीकडे. मुलाचं बोट तिथेच असतं, वेगळं समजवावं लागत नाही. एकोणनव्वदपर्यंत हे बिनचूक चालतं, फक्त ९९ ला आपण 'नव्याण्णव' म्हणतो. हा अपवाद मुलं स्वतः शोधतात आणि फार खूश होतात. फोनवरच्या लुडो-सापशिडीत हे सगळं हरवतं, कारण तिथे सोंगटी आपली आपण चालते. मूल फक्त बोट टेकवतं.

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला सहाचा फासा जड जातो. फाशाच्या सहा बाजूंवर लेबलचे तुकडे चिकटवून १, १, २, २, ३, ३ असे ठिपके काढावेत. फासा जमिनीवर टाकला की पलंगाखाली जातो, निम्मा वेळ शोधण्यात जातो. झाकणाच्या पारदर्शक डबीत घालून डबी हलवावी. दानावरून भांडणं थांबतात, "मी नाही टाकला, पडला" हेही थांबतं, आणि रात्री स्टीलच्या वाटीसारखा खालच्या मजल्यापर्यंत आवाज जात नाही. पट गादीवर मांडू नये, कुणी हलला की सोंगट्या घसरतात. जमिनीवर चटई बरी.

हरणं अजिबातच पेलत नसेल तर काही दिवस सगळे मिळून एकाच बाजूने खेळावं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे वीस घरांची वाट काढा, शेवटी बीळ. सगळ्यांचा मिळून एकच उंदीर. वेगळ्या ओळीत मांजराच्या सहा पायऱ्या. फाशावर एक ते चार पडले तर उंदीर तेवढा पुढे, पाच किंवा सहा पडले तर मांजर एक पायरी पुढे. मांजर सहावी पायरी गाठायच्या आत उंदीर बिळात गेला पाहिजे. या मापात दहापैकी साधारण सात डाव उंदराचे होतात. मांजराच्या पायऱ्या चारच ठेवल्या तर निम्म्याहून थोडे कमी. म्हणून सहापासून सुरू करून मूल सरावलं की पाच, मग चार. इथे हरल्यावर सगळे एकदम "अरेरे" करतात, एकटं कुणी हरत नाही.

जोड्या लावण्याचा पत्त्यांचा खेळ उलट कारणाने चांगला. पत्त्यांतून सहा जोड्या, म्हणजे बारा पानं, तीन ओळींत चार-चार उलटी मांडायची. यात लहान मुलं मोठ्यांना खरोखर हरवतात. दिवसभर ऑफिस करून आलेल्या बाबाला मुद्दाम हरावं लागत नाही.

व्यापार मात्र सात-आठ वर्षांच्या आत काढू नका. सुट्टे पैसे परत देता येत नसतील तर तो खेळ नुसता ओढत राहतो. काढलाच तर नोटांना क्लिप लावा, पंखा चालू असतो. कॅरममध्ये लहानग्यांना नुसत्या सोंगट्या ढकलू द्या, पण बोरिक पावडर त्यांच्या हाताला लागू देऊ नका. ती पोटात जाणं घातक आहे.

घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर आणखी काळजी. बारीक वस्तूंची जी चाचणी असते तिच्या नळीचा व्यास ३१.७ मिलिमीटर, त्यात जे मावतं ते घशात अडकू शकतं. लुडोची सोंगटी मावतेच, पाण्याच्या बाटलीचं झाकणसुद्धा मावतं. अशा घरात सोंगट्यांऐवजी छोट्या वाट्या किंवा लिंबं चालवावीत. प्रवासातले चुंबकी पट तर नकोच. दोन चुंबक गिळले गेले तर आतड्यात एकमेकांना ओढून भोक पाडू शकतात. क्रॉफर्ड मार्केट किंवा अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्वस्तात पट घेताना आयएसआयची खूण बघा, १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे.

आवरणं जिंकणाऱ्याने करायचं. हरलेल्याला वर कामही, असं नको. लुडोच्या १६ सोंगट्या आणि फासा झाकणाच्या डबीत, मोजून. पट पावसाळ्यात दमट हवेने वाकतो, म्हणून कपाटात उभा न ठेवता गादीखाली सपाट ठेवावा. डबीत पंधराच सोंगट्या निघाल्या तर त्याच रात्री पंख्याखालची चटई झाडून घ्या, सकाळी केर काढल्यावर ती सापडत नाही.